‘बीविच्ड’चा पहिला सीझन: मूळ कृष्णधवल संच घ्यावा की रंगवलेला?

‘बीविच्ड’ या समँथा नावाच्या चेटकिणीच्या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा पहिला सीझन डीव्हीडीवर दोन रूपांत मिळतो. जून २००५ मध्ये सोनीने तो अमेरिकेत आणला, तेव्हा मूळ कृष्णधवल संच आणि संगणकावर रंग भरलेला संच असे दोन्ही एकदमच आले. भाग तेच ३६, संवाद तेच, कलाकार तेच. नव्वदच्या दशकात सोनी वाहिनीवर ही मालिका हिंदीतून पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकांची इथेच पंचाईत होते. तुमच्या आठवणीतली समँथा रंगीत असेल, तर ती तिसऱ्या सीझनपासून पुढची आहे. मूळ मालिका एबीसी वाहिनीवर १७ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झाली आणि तिचे पहिले दोन सीझन कृष्णधवलच चित्रित झाले. रंग आला तो १९६६ मध्ये.

माझं मत आधीच सांगतो: कृष्णधवल घ्या. रंगवलेला संच टाकाऊ अजिबात नाही, आणि काही घरांत तोच योग्य ठरेल. पण हा सीझन ज्या कारणासाठी पुन्हा पाहावा, ते कारण कृष्णधवल चित्रात जास्त जपलं गेलं आहे.

पुढच्या वर्षांत या मालिकेत जादूची रेलचेल झाली. पहिला सीझन मात्र मुळात एका नव्या संसाराची गोष्ट आहे. लग्नाच्या पहिल्या रात्री जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या डॅरिनला कळतं की आपली बायको चेटकीण आहे. तो जादू सोडायला सांगतो, ती कबूल होते. मग डॅरिनची जुनी मैत्रीण शीला तिला जेवायला बोलावून चारचौघांत टोमणे मारत राहते, तेव्हा समँथाचं नाक हलतंच, म्हणजे जादू होतेच. त्याच भागाच्या शेवटी ती खरकट्या भांड्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात एकटी उभी असते. वचन आठवतं, पसारा दिसतो, आणि क्षणात ओटा लखलखीत होतो. जादू हळूहळू कमी करू, असं ती स्वतःलाच समजावते. समँथा झालेली एलिझाबेथ माँटगोमेरी हे इतकं सहज करते की तिचा राग येत नाही, तिची बाजू पटते.

असे प्रसंग चेहऱ्यावर चालतात. कृष्णधवल चित्रीकरणात माणूस आणि मागची भिंत रंगाने वेगळी होत नाहीत, ते काम प्रकाशाला करावं लागतं. म्हणून केसांच्या कडेला मागून दिलेला उजेड, दिव्याजवळचा उजळ गाल आणि पलीकडचा सावलीतला गाल हे सगळं विचारपूर्वक योजलेलं असतं. रंग भरताना मूळ उजेड-अंधार बराचसा तसाच राहतो, पण त्यावर रंगांचा थर चढतो. त्वचेला एक छटा नेमली जाते, भिंतीला एक, कोटाला एक. खऱ्या रंगीत फिल्मवर गालाचा, कानाच्या पाळीचा, ओठाच्या कडेचा रंग वेगवेगळा उमटतो. इथे चेहरा बराचसा एकसारखा दिसतो. घोळक्यात किंवा दिवाणखान्यातल्या लांबच्या दृश्यात ते खुपत नाही. समँथाचा चेहरा जवळून दिसला की जाणवतं.

या सीझनमधला माझा सर्वात आवडता भाग सतरावा, ‘ए इज फॉर आर्डव्हार्क’. त्याचं दिग्दर्शन आयडा लुपिनो हिचं. त्या काळात हॉलिवूडमध्ये दिग्दर्शनात स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पाय मुरगळल्याने डॅरिन अंथरुणाला खिळतो, आणि जिन्यावरून वरखाली पळून दमलेली समँथा घराची जादू त्याच्या हुकमात देते. आजवर जादूला नावं ठेवणारा हा माणूस बघता बघता तिच्या आहारी जातो, नोकरी सोडायला निघतो. मग जादूशिवाय घेतलेलं, मागे प्रेमाचे दोन शब्द कोरलेलं एक घड्याळ समँथाच्या हातात येतं आणि तिला रडू फुटतं. हसवणाऱ्या मालिकेत असा भाग करायला धाडस लागतं. ते अश्रू कृष्णधवलमध्ये पाहावेत, एवढंच मी म्हणेन.

जादूच्या करामतींसाठीही मूळ चित्रच बरं. तेव्हाची युक्ती साधी होती: कॅमेरा थांबवायचा, सगळ्या नटांनी जागच्या जागी पुतळ्यासारखं राहायचं, वस्तू ठेवायची किंवा उचलायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. तरंगणाऱ्या वस्तू तारांवर चालत. दुसऱ्या भागात नवं घर पाहायला आलेल्या समँथा आणि तिची आई एंडोरा ओसाड अंगणात झाडंझुडपं उगवतात, आणि समोरच्या घरातल्या शेजारणीची, ग्लॅडिस क्रॅविट्झची, झोप उडते. राखाडी छटांमध्ये ही जोडकामं डोळ्यांना सहज चुकवतात. रंग भरला की नजर वस्तूंच्या कडांवर जाते.

आता रंगवलेल्या संचाची बाजू. पहिलं कारण एंडोरा. ॲग्नेस मूरहेडचे तांबडे केस, पापण्यांवरचा भडक रंग, वाऱ्यावर उडणारे झगे हे सगळं कृष्णधवलमध्ये निम्मंच पोचतं, आणि रंगवलेल्या आवृत्तीत ती खोलीत आली की खोली तिची होते. दुसरं कारण ॲलिस पिअर्स. खिडकीतून डोकावणारी मूळ ग्लॅडिस हीच. मार्च १९६६ मध्ये कर्करोगाने तिचं निधन झालं, त्याच वर्षी तिला मरणोत्तर एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, आणि मालिका रंगीत झाली तेव्हा ती भूमिका सँड्रा गूल्डकडे गेली होती. म्हणजे ‘बीविच्ड’मध्ये तिला रंगांत पाहण्याचा मार्ग या रंगवलेल्या आवृत्त्यांतूनच जातो. तिसरं आणि सर्वात वजनदार कारण घरातली मुलं. कृष्णधवल चित्र दिसताच उठून जाणारं मूल रंगीत चित्रासमोर तासभर बसत असेल, तर रंगवलेला संच घ्यावा आणि मनात किंतु ठेवू नये. ऑक्टोबर १९६४ चा हॅलोविनचा भाग त्यांना मुद्दाम दाखवा. चेटकीण म्हणजे नाकावर मस असलेली कुरूप म्हातारी, या जाहिरातीतल्या चित्राविरुद्ध समँथा आणि तिच्या मावश्या उभ्या राहतात. एखाद्या जमातीचं विद्रूप चित्र रंगवून माल विकण्याबद्दल मुलांशी बोलायला याहून सोपं निमित्त क्वचित मिळेल.

२००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगवून पुन्हा चित्रपटगृहांत आला, तो ज्यांना रुचला त्यांना इथले रंगही रुचतील. मात्र तिथे भव्य दरबार होता, इथे चार भिंतींचा संसार आहे.

एक व्यवहारी उपाय आहे. रंगवलेला संच हाती असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये रंगाचं प्रमाण शून्यावर आणा, चित्र कृष्णधवल होतं. ते मुळाच्या बरंच जवळ जातं, पण अगदी तेच नसतं, कारण रंग नीट बसावेत म्हणून उजेड-अंधारातलं अंतर थोडं बदललेलं असू शकतं. मुलांसाठी रंगीत आणि स्वतःसाठी रात्री बिनरंगी, अशी एकाच संचात सोय हवी असेल तर हा मार्ग चांगला आहे. उलट दिशेने मात्र तो नाही.

बाटलीतून निघालेल्या जीनीच्या ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ या मालिकेचा १९६५ चा पहिला सीझनही कृष्णधवल, ३० भागांचा, आणि २००६ मध्ये तोही असाच दोन रूपांत आला. तिथे मी रंगवलेलाच घेईन. जीनी झालेल्या बार्बरा ईडनचा तो गुलाबी पोशाख, धूर, बाटली, सगळा डौल डोळ्यांना दिपवण्यासाठीच आहे. नंतरचे सीझन रंगीत असल्याने ते रंगही अनोळखी वाटत नाहीत.

खरेदी करताना वेष्टनावर आवृत्ती वाचून घ्या. दोन्ही संचांचं नाव एकच आहे आणि जुन्या मालाच्या विक्रेत्यांकडे चित्र एकाचं, डिस्क दुसऱ्याची असं होऊ शकतं. मालिकेचे आठही सीझन एकत्र असलेला संच घेत असाल, तर पहिले दोन सीझन कुठल्या रूपात आहेत ते आधी विचारा. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागातल्या (रीजन) प्लेअरवरच चालतात; अमेरिकेतले संच रीजन १ चे, आपला रीजन ५, तेव्हा सर्व रीजन चालवणारा प्लेअर हवा. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर ही खात्री आधी करा. हिंदी आवाजाची अपेक्षा मात्र या संचांकडून ठेवू नका. आणि चित्राची रुंदी-उंची ४:३ या जुन्या टीव्हीच्या प्रमाणातच ठेवा. रुंद टीव्हीवर चित्र ताणलं तर दोन्ही आवृत्त्यांत समँथाचा चेहरा सारखाच बिघडतो.