पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टल: अर्ज एक नव्हे, दोन

शैक्षणिक कर्जाच्या दोन सरकारी पोर्टलांची नावं इतकी सारखी आहेत की निम्मा गोंधळ तिथेच होतो. २०१५ साली सुरू झालं ते विद्यालक्ष्मी. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या योजनेचं ते पीएम-विद्यालक्ष्मी. या दुसऱ्याची नोडल बँक, म्हणजे योजनेचं काम सांभाळणारी मुख्य बँक, कॅनरा आहे. इथे बोलतोय ते दुसऱ्याबद्दलच.

फॉर्म उघडण्याआधी कॉलेजांची यादी बघा. ही योजना सगळ्या कॉलेजांना लागू नाही. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी) सर्वसाधारण, गटवार किंवा विषयवार यादीत पहिल्या १०० मध्ये असलेल्या संस्था, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था, एवढ्यांनाच ती आहे. सुरुवातीला हा आकडा ८६० होता. आयआयटी मुंबई, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं आयसर यांना चिंता नाही. कॅपमधून (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) मिळणारी बरीचशी खाजगी कॉलेजं मात्र यादीबाहेर राहतात. क्रमवारी दरवर्षी बदलते, तशी यादीही. तेव्हा मागच्या वर्षीच्या ओळखीच्या मुलाला मिळालं होतं, या भरवशावर राहू नका. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशालाही ही योजना नाही.

पोर्टलचं काम तसं सरळ आहे. नोंदणी करायची, वैयक्तिक आणि शैक्षणिक माहिती भरायची, संस्था आणि अभ्यासक्रम निवडायचा, बँक आणि शाखा निवडायची, कागद चढवायचे. कागद आधी जमवलेले असतील तर एका बैठकीत उरकतं. अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरं नाव असेल, तर अर्ज पोर्टलवर जाईल पण शाखेत थांबेल. आधार दुरुस्ती निकालाआधीच करून ठेवावी. कॅपच्या फेरीत जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस असतात, त्यात हे उरकत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा हवा, आणि तो कुटुंबाचा. पगाराची स्लिप किंवा आयकर विवरण बँक कर्जासाठी मागते ते वेगळं; व्याजाच्या सवलतीला त्याने भागत नाही.

आता खरी मेख. या पोर्टलवर अर्ज दोन आहेत. पहिला कर्जाचा. दुसरा व्याज सवलतीचा, आणि तो कर्ज मंजूर झाल्यावर स्वतंत्रपणे करायचा असतो. कर्ज मंजूर झालं की घर निश्चिंत होतं आणि दुसरा अर्ज राहून जातो. बँक तो तुमच्या वतीने भरत नाही. सवलतीची रक्कम ई-व्हाउचर किंवा डिजिटल रुपयाच्या (रिझर्व्ह बँकेचं डिजिटल चलन) वॉलेटमधून येते, म्हणून वॉलेट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चालू नंबरवरच उघडा. हॉस्टेलला गेल्यावर नवं सिम घ्यायची सवय मुलांना असते. जुना नंबर बंद पडला की ओटीपी कुणाच्याच हाती येत नाही. सवलत पुढे चालू राहायला दरवर्षीची समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. मधेच कॉलेज सोडलं तर ती थांबते.

सवलत किती? कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के, तीही फक्त हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, म्हणजे अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांनाच, त्यात सरकारी संस्था आणि तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना आधी. पात्र म्हणजे मंजूर नव्हे. उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर वेगळ्या केंद्रीय योजनेतून या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं.

आकड्यांत मांडू. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी २ लाख असे ८ लाख कर्ज, दर समजा ९ टक्के. पहिला हप्ता पाच वर्षांनी. या काळात सरळ व्याज होतं २,५२,०००. तीन टक्के सवलतीचे त्यातले ८४,००० वाचतात. दहा वर्षांत फेडायचं तर मासिक हप्ता सवलतीशिवाय १३,३२६ रुपये, तीन टक्के सवलतीने १२,२६२ आणि पूर्ण व्याज माफ असेल तर १०,१३४. म्हणजे तीन टक्क्यांनी हप्त्यात हजारेक रुपयांचा फरक पडतो. वाईट नाही, पण जाहिरातीत ऐकू येतो तेवढा मोठाही नाही.

आणि इथेच महाराष्ट्रातल्या पालकांनी थांबून हिशेब करावा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्क परतावा घेत असाल तर ३ टक्क्यांची सवलत मिळत नाही. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत निम्मं शिकवणी शुल्क देते. शिकवणी शुल्क दीड लाख धरलं तर वर्षाला ७५,००० म्हणजे चार वर्षांत ३ लाख. तिकडे ८४,०००. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा आधी महाडीबीटी, मग विद्यालक्ष्मी. शिष्यवृत्ती घेतली म्हणून कर्ज बंद होत नाही, फक्त व्याजाची सवलत जाते. उरलेल्या हॉस्टेल-मेस-लॅपटॉपपुरतं छोटं कर्ज घ्या. (गोव्याच्या वाचकांनी आधी राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी योजना पाहावी, तिच्यापुढे हे सगळंच फिकं आहे.)

तारण नाही, जामीनदार नाही, हे योजनेचं वचन कागदावर तरी पक्कं आहे. पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतातच आणि त्यांचं सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, तपासलं जातं. ट्रॅक्टरचे किंवा क्रेडिट कार्डाचे थकलेले हप्ते इथे आडवे येतात. दुसरं, कर्ज बुडालं तर बँकेला मिळणारी सरकारची ७५ टक्के हमी फक्त ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. त्यावरच्या कर्जात सगळी जोखीम बँकेची, म्हणून १२ लाखांचा अर्ज ७.५ लाखांच्या अर्जापेक्षा जास्त तपासला जाऊ शकतो. खर्च ८ लाख असेल आणि ५०,००० घरून उभे राहत असतील तर ७.५ लाखच मागावेत. बँक संघटनेच्या नमुना योजनेप्रमाणे ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणाला ५ टक्के मार्जिन घरचं लागतंच, आणि शिष्यवृत्ती त्यात धरली जाते.

शाखा घराजवळची निवडा, कॉलेजजवळची नको. कागद आणि सह्या पालकांच्या, धावपळही त्यांचीच. पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात, आणि दरवर्षी आपोआप जात नाहीत: निकाल, बोनाफाईड आणि त्या वर्षाचं शुल्कपत्रक शाखेत दिल्यावरच पुढचा टप्पा सुटतो. पहिल्या वर्षाची फी आधी खिशातून भरली असेल तर ती परत मिळेलच असं धरू नका. मंजुरीपत्रात तसं लिहून घ्या, पावत्या जपा.

शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिलात तर अनेक बँका दरात १ टक्का सूट देतात. मंजुरीपत्रात ती लिहिलेली नसेल तर विचारा. दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. जुन्या करप्रणालीत व्याजावर ८ वर्षं वजावट मिळते, नव्यात नाही.

पोर्टल म्हणून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण यादी उघडपणे पाहता येते याचा. कापलेला दीड गुण मात्र दुसऱ्या अर्जाचा: कर्ज मंजूर झालं त्याच पानावर तो समोर उभा केला असता तर कितीतरी घरांचे ८४,००० वाचले असते.