टाचदुखीचे अकरा महिने: काय कपाटात गेलं, काय पायाशी राहिलं

टाच कालपरवा दुखायला लागली असेल तर हे एवढं वाचायची गरज नाही, बहुतेकांची आपोआपच बरी होते. सहा महिने उलटलेत, घरात चार-पाच वस्तू जमा झाल्यात आणि कुणीतरी ऑपरेशनचा विषय काढलाय, अशांसाठी लिहिते आहे. माझं तसंच झालं होतं.

दुखणं ठरलेलं. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. वीसेक पावलं लंगडत चाललं की सैल पडायचं. दुपारी विसरही पडायचा. मग अर्धा तास बसून उठलं की पुन्हा तोच खिळा. माझं काम दिवसभर उभ्याचं, त्यामुळे संध्याकाळी टाच ठणकायची ते वेगळंच. अंगठ्याने टाचेच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे दाबलं की नेमका तो बिंदू सापडायचा. प्लांटर फॅसायटिसचं, म्हणजे तळपायाच्या पट्ट्याच्या दुखण्याचं, अगदी ठरावीक चित्र.

एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ असं निघालं आणि इथेच मी दोन महिने घालवले. हाडाचा काटा आहे म्हणजे तो टोचतोय, तो कापल्याशिवाय सुटका नाही, असं डोक्यात बसलं. नंतर दोन्ही पायांचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की तसाच काटा डाव्या टाचेतही आहे, आणि डावी टाच आजवर एकदाही दुखलेली नाही. काही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेत असा काटा सापडतो. माझा उजवा काटाही अजून जिथल्या तिथे असणार. त्याची चौकशी करायला मी परत गेलेले नाही.

दुखतो तो तळपायाचा पट्टा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा जाड, चिवट पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो बोटांच्या मुळाशी ताणला जातो आणि कमान उचलली जाते. संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली हे मांडलं. नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ सूज असला तरी जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या वेळी काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर सुजेऐवजी झिजलेले, विस्कटलेले धागे दिसले. हे वाचल्यावर मला कळलं की गोळ्यांनी दोन दिवस बरं का वाटतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं मूळ पदावर का येतं. झिजलेला पट्टा गोळीने विणला जात नाही.

आता वस्तूंकडे. बुटात टाचेखाली ठेवायचा सिलिकॉनचा हील कप पहिल्या आठवड्यात घेतला. उभं राहताना खरंच आराम देतो, सकाळच्या पहिल्या पावलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तीन महिन्यांत चेपून पापड झाला, दुसरा आणला. माप घेऊन बनवलेले इन्सोलही, म्हणजे बुटात घालायचे तळ, केले. चांगले आहेत, पण आधीच्या तयार इन्सोलपेक्षा माझ्या पायाला फरक जाणवला नाही, आणि अभ्यासांमध्येही दोन्हींत मोठं अंतर दिसत नाही. तयारच घ्या. गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवणं संध्याकाळी बरं वाटतं, बस एवढंच.

नाईट स्प्लिंटबद्दल, म्हणजे रात्री पायाला बांधायच्या साच्याबद्दल, मात्र दोन शब्द जास्त. झोपेत पाऊल खाली झुकतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो. स्प्लिंट पाऊल काटकोनात धरून ठेवतो, म्हणून हा ताण बसत नाही. तत्त्व बरोबर आहे आणि पहिल्या आठवड्यातच सकाळ सुसह्य झाली. पण बुटासारखा कडक स्प्लिंट बांधून झोपणं म्हणजे पाय खोड्यात अडकवून झोपणं. रात्री दोनला बोटांना मुंग्या, तीनला मी तो काढून भिरकावलेला. शेवटी अर्धी रात्र बांधायचा असं ठरवलं. सहा आठवडे वापरला. सकाळचं दुखणं फारच असेल तर घ्या, नाहीतर नको. आता तो कपाटात आहे.

स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं. टोचतानाच ब्रह्मांड आठवलं, पुढचे तीन आठवडे मात्र स्वर्ग! चौथ्या आठवड्यात दुखणं हजर. दुसरं घ्यायचा सल्ला मिळाला, मी नकार दिला. वारंवार इंजेक्शनं घेतल्याने टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित पट्टाच फाटतो. गादी एकदा गेली की ती परत आणता येत नाही.

पाचव्या महिन्यात फिजिओथेरपिस्टने दोनच गोष्टी दिल्या. पहिली, पलंगावरून उतरण्याआधी करायची: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून हाताने बोटं मागे ओढायची, पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा. दिवसातून तीनदा.

दुसरी गोष्ट म्हणजे पायरीवरची. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवायची, त्यावर बोटं अशी टेकवायची की ती वर वळतील. टाच पायरीबाहेर लोंबती. मग एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, असे तीन फेरे, दिवसाआड. बारा सोपे वाटायला लागले की पाठीवर पुस्तकांची पिशवी. वजन वाढलं की संख्या कमी आणि फेरे जास्त: दहाचे चार, मग आठचे पाच. दुखऱ्या पायावर वजन टाकायचं हे ऐकून मी आधी हसले. इतके महिने पायाला जपत होते, आणि पोटरी एवढी दुबळी झाली होती की पहिल्या दिवशी सातव्यालाच पाय थरथरला.

ही पद्धत २०१४ साली डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासातून आली. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. सहा महिन्यांनी आणि वर्षाअखेर मात्र दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले होते, हेही सांगायला हवं. म्हणजे चमत्कार नाही, पण थोडं लवकर बरं वाटणं म्हणजे काय ते ज्याला दुखतं त्याला विचारा.

किती दुखलं तर थांबायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. उत्तर मिळालं: करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळी जास्त दुखता कामा नये. म्हणून रोज पहिल्या पावलाचा आकडा वहीत लिहायला लागले. सुरुवातीला सात. पाच आठवडे सातच, आणि त्या पाच आठवड्यांत मी चार वेळा सोडून द्यायचं ठरवलं. आठव्या आठवड्यात सरासरी पाच. बाराव्यात तीन. एका दिवसाचा आकडा बघून काही ठरवू नका, तो झोपेवर, बुटांवर, आदल्या दिवसाच्या चालण्यावर हेलकावे खातो. आठवड्याची सरासरी बघा.

मध्ये एकदा अंगात आलं आणि लांब चालून आले. आकडा परत सहा. घाबरून आठवडाभर व्यायाम बंद केला. ही चूक. वजन कमी करून चालू ठेवायला हवं होतं. त्याच सुमारास शॉकवेव्हच्या, म्हणजे यंत्राने टाचेवर लहरींचे धक्के देण्याच्या, चार बैठका घेतल्या. दुखतात चांगल्याच. नंतर बरं वाटलं, पण व्यायामही चालू होता, तेव्हा श्रेय कुणाचं हे मी सांगू शकत नाही. घरातही अनवाणी चालणं बंद केलं, त्याचा उपयोग नक्की झाला.

ऑपरेशनमध्ये या पट्ट्याचा काही भाग कापतात. सहा ते बारा महिने बाकीचे उपाय नीट करून झाल्याशिवाय सहसा तो विचार करत नाहीत. ‘नीट’ हा शब्द माझ्या पहिल्या पाच महिन्यांना लागू नव्हता.

दोन्ही टाचा दुखतात, वय कमी आहे आणि सकाळी कंबरही आखडते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला तडा असू शकतो. बधिरपणा किंवा जळजळ असेल तर नस तपासून घ्या. अशा टाचेला घेऊन पायरीवर चढू नका.

आज अकरा महिने झाले. पायरीवर आठवड्यातून दोनदा जाते, पाठीवर दहा किलो. वहीत गेल्या आठवड्यात पाच दिवस शून्य, दोन दिवस एक. ते दोन्ही दिवस मी जुने, टाच झिजलेले बूट घातले होते, ते आज टाकून दिले.