वाकोल्याचे मिक्सरवाले अंकल

मिक्सर चालू केला की ठिणग्या आणि जळका वास. स्टेशनजवळच्या एका दुकानात सांगितलं, मोटर गेली, 1800 रुपये लागतील. शेजारच्या वहिनींनी मला वाकोल्याच्या या अंकलकडे धाडलं.

अंकलनी खालचे स्क्रू काढले आणि मला जवळ बोलावलं. "मोटर ठणठणीत आहे ताई. कार्बन ब्रश झिजलेत, हे बघा." मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे काळे ठोकळे, त्यातला एक तर निम्माही उरला नव्हता. नवे बसवले, जुने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. 150 रुपये. कपलरही (भांडं मोटरला जोडणारा भाग) बदलून टाका म्हटलं, तर म्हणाले, "अजून चालेल तो. कशाला पैसे घालवता?"

माझ्या आधी घरकाम करणाऱ्या एक मावशी इस्त्री घेऊन आल्या होत्या. त्यांच्याशीही तसंच 'तुम्ही', तसंच उघडून दाखवणं. वायर फक्त सैल झाली होती. पैसे घेतलेच नाहीत.

काउंटरमागे छोटा क्रूस, खाली पाटी: रविवारी बंद. धर्माबद्दल अंकल एक अक्षर बोलले नाहीत. मीही ख्रिस्ती आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 11व्या अध्यायातलं पहिलंच वचन मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी ते मला एका माणसाच्या हातांत दिसलं, आणि खरंच डोळे भरून आले.

जागा अगदी लहान, उभंच राहावं लागतं. माणूस एकटा, त्यामुळे कधी दोन दिवस लागतात. सकाळी लवकर जा, सुटे पैसे न्या.