श्वाल्बे मॅरेथॉन ३७-६२२ टायर: ऑफिसच्या सायकलीला घालावा का?

घेण्याआधी सध्याच्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. हायब्रिड सायकलवर ७००×३५ किंवा ३७-६२२ असेल तर हा बसतो. दांडीच्या जुन्या काळ्या सायकलवर २८×१½ असतं आणि या टायरवर २८×१.४०; दोन्हीकडे २८ बघून लोक फसतात. रिमवर टायर बसतो तिथला व्यास जुन्या सायकलीत ६३५ मिमी, इथे ६२२.

पैसे मोजायचे ते आतल्या थरासाठी. नक्षीखाली ३ मिमी जाडीचा लवचिक रबराचा पट्टा आहे. काचेची कपची किंवा ट्रकच्या फुटक्या टायरमधली बारीक तार नक्षीत रुतते आणि बहुतेक वेळा तिथेच अडकते. ती आठवड्यातून एकदा टोकदार काहीतरी घेऊन उकरून काढा, नाहीतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात आणखी आत जाते. बाभळीचा लांब काटा सरळ घुसला तर मात्र हा थर त्याला पुरा पडत नाही. आणि हवा कमी ठेवून खड्ड्यात आदळलात, तर ट्यूब रिमवर चेचून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. त्यात टायरचा दोष नाही.

हवेच्या दाबाची कंपनीची मर्यादा ५० ते ८५ पीएसआय. ७० किलोचा माणूस आणि कॅरिअरवर लॅपटॉपची पिशवी असेल तर मागे ६५-७०, पुढे ५५ ठीक. ८५ भरलं की डांबरी रस्त्याचा खडा न् खडा मनगटात उतरतो, मग कसली मजा! पावसात दोन्हीकडे ५ कमी करा. ओल्या झेब्रा पट्ट्या आणि गटाराची लोखंडी झाकणं सरळच ओलांडायची, तिथे कुठलाच टायर धरत नाही.

चढवायला कडक आहे. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेवा, व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणली की शेवटची वीतभर सैल पडते. तरी अडलं तर प्लास्टिकचा लिव्हर; स्क्रू ड्रायव्हर घातलात तर नवी ट्यूब तिथेच फाटेल.

मॅरेथॉन प्लसमध्ये थर ५ मिमीचा, पण टायर जड आणि ताठर. रोज काट्याकुट्यांचा रस्ता नसेल तर साधा मॅरेथॉन पुरे. कडेची चमकती पट्टी अंधारात आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीला चांगली दिसते. टायरला घासून दिवा लावणाऱ्या बाटली-डायनॅमोसाठीही वेगळी रेघ दिलीय, डायनॅमो मात्र आता शोधावा लागेल. मडगार्ड असतील तर टायरभोवती ५-६ मिमी मोकळी जागा आहे ना बघा, नाहीतर पावसाळ्यात चिखल भरून चाक घासत राहील.