जिल्हा क्रीडा संकुल: एकाच मैदानात ट्रॅक आणि फुटबॉल, काही महिने वापरल्यावर

सकाळी मी धावायला जातो, संध्याकाळी मुलगा फुटबॉलला. त्यामुळे आमच्या जिल्ह्याच्या या नव्या स्टेडियमचा दोन्हीकडून अनुभव घेऊन झालाय.

ट्रॅकबद्दल तक्रार नाही. आठ लेनचा, सिंथेटिक. जुन्या मातीच्या मैदानावर पावसाळाभर नुसता चिखल असायचा. इथे सर ओसरली की थोड्याच वेळात धावता येतं. भरतीची पोरं तर उजाडायच्या आधीच हजर. पोलीस भरतीचे १६०० मीटर म्हणजे पहिल्या लेनमध्ये बरोबर चार फेऱ्या, मोजमापाचा घोळच नाही. फिरायला येणाऱ्या काका-काकूंनी मात्र कृपया बाहेरची लेन धरावी. आठव्या लेनची फेरी ४५३ मीटरची भरते, चालणं तेवढंच जास्त होईल! मे महिन्यात दुपारी जाऊ नका, बुटातून चटके बसतात.

फुटबॉल खेळायला ठीक, बघायला अजिबात नाही. गोलमागे ट्रॅकचं वळण, त्यामुळे तिकडच्या पायऱ्यांपासून गोलरेषा पस्तीसएक मीटर तरी लांब. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहिलेल्या माणसाला इथे आवाज बंद केलेला टीव्ही बघतोय असं वाटेल.

खरी गोची कोपऱ्यांत आहे. ट्रॅकच्या आतली रुंदी ७३ मीटर. त्यात १०५ बाय ६८ चं पूर्ण मैदान आखलं की चारही कोपरे ट्रॅकच्या कडेला जेमतेम मीटरभर जागा सोडतात. कॉर्नर किक घेणारा पोरगा मग दोन पावलं मागे सरकतो ते थेट ट्रॅकवरच, बुटाच्या तळाच्या खुंट्यांसकट, म्हणजे स्टडसकट. सामन्याला तिथे मॅट अंथरतात, सरावाला कोण अंथरणार? धावपटूंच्या बुटांच्या स्पाइक्सना (तळाच्या खिळ्यांना) ९ मिलिमीटरची मर्यादा, आणि इथे स्टड खुशाल फिरतायत. एका कोपऱ्यात पहिल्या लेनचे रबराचे दाणे सुटायला लागलेत, बोटाने उचलता येतात.

भालाफेकीचा सराव असला की फुटबॉल बंद. ते योग्यच आहे, पण आधी कळवा की! फलकावर वेळापत्रकाची चौकट आहे, आत कागद नाही. पोरं किट घालून येतात आणि गेटवरून परत जातात.

धावणाऱ्यांनी बिनधास्त मासिक पास काढावा. फुटबॉलवाल्यांनी निघण्याआधी वॉचमनकाकांना फोन करावा. स्वच्छतागृहाची किल्लीही त्यांच्याकडेच असते.