टर्फ स्क्रबर, नऊ महिन्यांनंतर: शेवाळ गेलं नाही, घर बदललं

आधीच सांगून टाकते, माझ्याकडे शेवाळ अजूनही आहे. आधी ते माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात कोरलच्या बुडाशी होतं, आता सम्पमधल्या (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतल्या) स्क्रबरच्या, म्हणजे मुद्दाम शेवाळ वाढवून पाणी साफ करणाऱ्या यंत्राच्या, जाळीवर आहे. दर आठवड्याला मूठभर खरवडून निघतं.

टँक ३०० लिटरचा. दोन क्लाउनफिश, एक गोबी, बाकी सॉफ्ट कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक कोरल). हेअर अल्गीने (केसांसारख्या शेवाळाने) दगड इतके माखले होते की झोआंथिडचे (फुलांसारख्या दिसणाऱ्या पॉलिपचे) गुच्छ शोधावे लागायचे. टूथब्रशने घासा, सायफनने ओढा, चार दिवसांत पुन्हा तेच. टर्बो गोगलगायी खायच्या खऱ्या, पण त्या रणगाड्यासारख्या चालतात, वाटेतले फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) पाडत जातात. शेवाळाचं खाद्य भरपूर: नायट्रेट ४०, फॉस्फेट ०.३ पीपीएम. शोध घेतल्यावर कळलं की टँकसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ/डीआय फिल्टरचं रेझिन कधीच संपलंय, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्याऐवजी १४ दाखवत होता. ते आधी बदललं. हे न करता स्क्रबर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

यंत्र साधं आहे. वर फट पाडलेला पाइप, खाली लोंबती प्लास्टिकची जाळी, दोन्ही बाजूंना ६६० नॅनोमीटरच्या आसपासचे लाल एलईडी. पातळ धारेत आणि जोरदार उजेडात शेवाळ टँकपेक्षा जाळीवर झपाट्याने वाढतं आणि पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट आधी स्वतः गिळतं. ही कल्पना स्मिथसोनियनमधल्या वॉल्टर अ‍ॅडी यांची. पंपाचा ठोकताळा असा: जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला ताशी साधारण १३० लिटर.

पहिले तीन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी बुळबुळीत थर होता. पैसे पाण्यात गेले असं वाटलं (तसे ते शब्दशः गेलेच होते). दोष जाळीचा होता, फारच गुळगुळीत. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू ओरबाडल्या, तेव्हा कुठे हिरवे धागे धरले. टँकमधली हेअर अल्गी मात्र अडीच महिन्यांनी विरळ झाली. आधी तिचा रंग उडाला, मग चिमटीत धरताच सुटून यायला लागली. दगडांनी धरून ठेवलेलं फॉस्फेट हळूहळू पाण्यात सुटत राहतं, म्हणून एवढा वेळ.

आता माझी चूक. जाळीचा आकार टँकवरून नाही, खाद्यावरून ठरवायचा असतो. रोज माशांच्या खाद्याचा एक फ्रोजन क्यूब घालत असाल तर १२ चौरस इंच पुरते. मी घालायचे दोन आणि घेतली ८० चौरस इंच, मोठी ती चांगली म्हणून. चौथ्या महिन्यात नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही टेस्ट शून्यावर. मी खूश. दहाव्या दिवशी वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे. रात्री नाहीसे, दुपारी परत. दोन टर्बो मेल्या. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगरत होत्या. ऑस्ट्रिओप्सिस, म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशी विषारी जीव). स्पर्धा करणारं शेवाळ उपाशी मेलं की रिकाम्या जागेत हे शिरतात. अर्धी जाळी कापून टाकली, दिवे १६ तासांवरून ८ वर आणले, नायट्रेट-फॉस्फेट बाहेरून घातलं. डायनो रात्री पाण्यात उतरतात, म्हणून रात्रभर पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा चालवला. सहा आठवडे गेले त्यात. आता नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०६ च्या खाली जाऊ देत नाही.

बनावटीबद्दल एकच तक्रार, पण मोठी. शेवाळ पाइपच्या फटीत शिरतं, धार तिरकी उडते आणि दिव्याच्या काचेवर मिठाचा पापुद्रा बसतो. एक एलईडी पट्टी त्यातच गंजली. विक्रेत्याने ‘वापरातला दोष’ म्हणून हात झटकले. शिंतोडे अडवायला झाकण द्यायला काय होतं? आता फटीतून दर वेळी जुनं एटीएम कार्ड फिरवते.

ब्रायोप्सिस या चिवट शेवाळावर शून्य परिणाम, तो दगडच बाहेर काढावा लागला. उलट न मागता मिळालेला फायदा म्हणजे पीएच. स्क्रबरचे दिवे रात्री लावते, टँकचे बंद असताना. शेवाळ रात्रीही कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे पहाटे ७.८ पर्यंत घसरणारा पीएच आता ८ च्या आसपास टिकतो.

खरवडताना जाळी गोड्या पाण्याखाली धरते, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक कोपेपॉड मरतात, आणि एका वेळी एकच बाजू साफ करते. निघालेला गोळा पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. कालचा १४० ग्रॅम भरला. घरच्यांनी पिठासाठी वेगळा काटा आणलाय.