षटकोनी पट्ट्यांवर ३१ लावू की ५३?

लुमाटोन या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर २८० षटकोनी पट्ट्या असतात आणि कुठल्या पट्टीतून कुठला सूर काढायचा हे आपणच ठरवायचं. मांडणी बहुतेक जण इंग्रज संगीतशास्त्रज्ञ बोसांके यांची घेतात. उजवीकडे एक पट्टी गेलं की पूर्ण स्वर, तिरक्या दोन दिशांना त्याचे दोन असमान अर्धस्वर. सप्तकाचे ३१ समान भाग केले तर पूर्ण स्वर ५ भागांचा (३+२), ५३ केले तर ९ भागांचा (५+४).

खरी गोम गंधारात आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६.३ सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट). ३१ मध्ये सा पासून उजवीकडे दोन पट्ट्या गेलं की ३८७.१, म्हणजे हात सरळ आणि सूरही जवळपास नेमका. ५३ मध्ये त्याच जागी ४०७.५ चा चढा गंधार बसतो, हवा तो (३८४.९) दोन ओळी पलीकडे सापडतो. बोटांना ही सवय लागायला वेळ लागतो. गंमत अशी, की १८७० च्या दशकात बोसांके यांनी हीच मांडणी ५३ सुरांच्या पेटीवर वापरली होती.

मग ५३ घ्यायचं कशाला? पंचमासाठी. ३१ चा पंचम ५ सेंट उतरलेला, तानपुऱ्याशेजारी तो थरथरतो. ५३ चा फरक कानाला लागतच नाही. शिवाय ३१ मध्ये रिषभ एकच, १९३.५ चा, ना इकडचा ना तिकडचा. ५३ मध्ये २०३.८ आणि १८१.१ असे दोन्ही मिळतात.

आपल्याकडे सप्तकात २२ श्रुती (सूक्ष्म स्वरांतरं) मानतात, म्हणून २२ समान भाग लावायचा मोह होईल. श्रुती समान नसतात. इथे पंचम ७ सेंट चढतो आणि उजवीकडच्या दोन पट्ट्या थेट ४३६ वर नेतात. १९ समान भाग शिकायला सोपे, कोमल गंधार सुरेख, पण पंचम ७ सेंट खाली.

पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड वाजवायचे असतील तर माझ्या मते ३१. तानपुरा लावून रागच वाजवायचे असतील तर ५३, तेही वर्षभर बोटं चुकवायची तयारी असेल तरच. वाद्य घेण्याआधी स्काला फाइल (सुरांची अंतरं लिहिलेली फाइल) वाचणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लावा आणि तानपुऱ्यासोबत नुसता पंचम धरून ठेवा.